पेढे की बर्फी ठरवायच्या आधी बाळाचं सोडियम बघा

लॅबमध्ये सॅम्पलची नोंद करताना कॉम्प्युटरवर एक चौकट येते, मेल की फीमेल, आणि ती भरल्याशिवाय पुढचं काही सेव्हच होत नाही. मी मुंबईतल्या एका हॉस्पिटलच्या बायोकेमिस्ट्री लॅबमध्ये टेक्निशियन आहे, हजारो वेळा ती चौकट भरली असेल, कधी विचारसुद्धा आला नाही मनात. मग एका रात्रपाळीला वरच्या वॉर्डातून अकरा दिवसांच्या बाळाचं रक्त आलं. फॉर्मवर नावाच्या जागी 'बेबी ऑफ' आणि आईचं नाव, ते नेहमीचंच, पण सेक्सच्या रकान्यात रेसिडेंट डॉक्टरने पेनाने प्रश्नचिन्ह काढलेलं. काउंटरवरच्या पोराने डोकं खाजवलं आणि मेल टाकून मोकळा झाला. झालं, टेस्टोस्टेरॉनच्या पुढे मुलग्यांची रेंज छापून आली, आकडा त्यात फिट्ट बसला, कुठे लाल खूण नाही की काही नाही.

सोडियम-पोटॅशियमला मात्र मुलगा-मुलगी कळत नाही. सोडियम ११९, जे १३५ च्या वर पाहिजे, आणि पोटॅशियम ७.६, म्हणजे हृदय कधीही दगा देईल असं. आधी वाटलं सॅम्पल हिमोलाइज झालं असेल, म्हणजे रक्तपेशी फुटल्या असतील, इवल्याशा बाळाचं रक्त पिळून काढलं की होतं तसं आणि पोटॅशियम उगाच वाढलेलं दिसतं, म्हणून दुसरं सॅम्पल घ्यायला मीच वर गेले. बाळ दूध घेत नव्हतं, उलट्या करत होतं, जन्माच्या वजनापेक्षाही खाली गेलेलं. फाईल चाळली तर बाळाचं जननेंद्रिय मुलाचं की मुलीचं ते सांगता येत नव्हतं, ते 'नीट' करायच्या ऑपरेशनसाठी सर्जनचा रेफरन्स दोन दिवसांपूर्वीच झालेला, आणि १७-ओएचपी नावाची जी एक टेस्ट सगळ्यात आधी करायला हवी होती ती कुणी लिहिलेलीच नाही. बाहेर बाकावर बाळाची आजी बसली होती, मला डॉक्टर समजून म्हणाली, "बाई, उद्या बारावा दिवस, फोनवर फोन येतायत, काय सांगू लोकांना, पेढे की बर्फी?"

आपल्याकडे पेढे म्हणजे मुलगा आणि बर्फी म्हणजे मुलगी, तिसरी मिठाई नाही. आणि पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाविरोधी कायद्यामुळे आधी सांगायला बंदी (ती हवीच, का ते सगळ्यांना माहितीये), त्यामुळे नऊ महिने दाबून ठेवलेला तो प्रश्न डिलिव्हरीच्या मिनिटालाच फुटतो. तेव्हा सिस्टरने बाळ उलटंसुलटं करून बघितलं आणि काही बोललीच नाही तर त्या खोलीत काय होत असेल याची कल्पना करा.

तर असं बाळ होतं कसं. पोटात पहिले सहा आठवडे सगळे सारखेच, मुलगा काय नि मुलगी काय. दोन गोळे असतात जे पुढे वृषण होतील किंवा ओव्हरी, आणि शेजारी नळ्यांच्या दोन जोड्या, एक पुरुषाच्या वाटेची आणि एक बाईच्या. बाहेरून एक छोटासा उंचवटा, त्याचंच पुढे शिश्न किंवा शिश्निका (क्लिटोरिस) होणार. म्हणजे आपण सगळेच कधीतरी दादरला उभे होतो, वेस्टर्न आणि सेंट्रल दोन्ही लाइनी समोर. वाय गुणसूत्रावर एसआरवाय नावाचं एक जीन असतं, १९९० साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी ते शोधलं, ते चालू झालं की पहिला सांधा बदलतो आणि गोळ्याचं वृषण व्हायला लागतं. पण आपल्याला शाळेत शिकवलं ते इथेच संपतं, एक्सवाय म्हणजे मुलगा, एक्सएक्स म्हणजे मुलगी, विषय संपला. खरं तर पुढे सांध्यांवर सांधे आहेत. वृषणाने एक हॉर्मोन सोडून बाईच्या वाटेच्या नळ्या विरघळवायच्या, दुसरं सोडून पुरुषाच्या वाटेच्या टिकवायच्या, त्या टेस्टोस्टेरॉनचं एका एन्झाइमने अजून जोरकस हॉर्मोन करायचं तेव्हा बाहेरचा आकार होणार, आणि हे सगळं ऐकू यायला पेशींवर रिसेप्टर पाहिजे. यातला कुठलाही सांधा वेगळा पडला की गाडी वेगळ्या फलाटाला लागते. गाडी चालूच असते बरं का, बंद पडत नाही.

आमच्या बाळाला होतं सीएएच, कंजेनायटल अॅड्रिनल हायपरप्लेसिया. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन अॅड्रिनल ग्रंथी असतात, त्या कोलेस्टेरॉलपासून तीन प्रकारचा माल काढतात: आजारपणात तग धरायला कॉर्टिसॉल, अंगात मीठ धरून ठेवायला अल्डोस्टेरॉन, आणि थोडे पुरुषी हॉर्मोन. पहिल्या दोघांच्या वाटेवर एक एन्झाइम लागतं, २१-हायड्रॉक्सिलेज, ते नसलं की रविवारचा मेगाब्लॉक, दोन लाइनी बंद आणि सगळी गर्दी तिसऱ्या लाइनीवर. वर मेंदू ओरडतोय कॉर्टिसॉल पाठवा कॉर्टिसॉल पाठवा, म्हणून कच्चा माल येतच राहतो आणि सगळा पुरुषी हॉर्मोनमध्ये जातो. पोटातली मुलगी असेल, गुणसूत्रं एक्सएक्स, गर्भपिशवी ओव्हरी सगळं जागच्या जागी, तरी बाहेरची शिश्निका वाढते, कधी इतकी की बघणारा मुलगा म्हणेल. आणि मीठ धरणारं हॉर्मोन नाही म्हणून लघवीवाटे मीठ जात राहतं, आणि बाळ कोसळतं ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे बरोब्बर बारशाच्या सुमारास.

आता यातली उलटी गोष्ट बघा. हाच आजार मुलग्याला असेल तर बाहेरून काहीच वेगळं दिसत नाही, पेढे वाटून होतात, आणि दोन आठवड्यांनी उलट्या सुरू झाल्या की जुलाब-इन्फेक्शन समजून बाळ हातचं जातं. मुलीचं वेगळं दिसणारं अंग हा तिच्यासाठी निसर्गाने दिलेला अलार्म असतो आणि आपण करतो काय, तर अलार्म कसा कापायचा त्याची तारीख घेतो. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने मुंबईसह पाच शहरांत एक लाखाहून जास्त नवजात बाळांच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासणी केली होती, त्यात सीएएचचं प्रमाण साधारण ५,७६२ बाळांमागे एक निघालं. मुंबईच्या जन्मांच्या हिशोबात हे काही दुर्मिळातलं दुर्मिळ नाही. उपाय काय, तर मिठाचं पाणी शिरेतून, हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन, आणि मग आयुष्यभर गोळ्या. त्या रात्री तेच केलं, पहाटेपर्यंत पोटॅशियम ६ च्या खाली आलं.

घाई कशाची करायची हेच आपलं चुकतंय, मला एवढंच म्हणायचंय. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. त्यात बाळाचं नाव नसलं तरी चालतं, नाव नंतर अगदी १५ वर्षांपर्यंत घालता येतं, पण लिंग मात्र पहिल्याच फॉर्मवर विचारतात. नावाला १५ वर्षं आणि ह्याला २१ दिवस! बाकी घाई आजी-आजोबांची, शेजाऱ्यांची, चाळीत बाळाला अंघोळ घालणाऱ्या बाईने बघितलं तर काय म्हणेल ह्याची.

ऑपरेशनच्या घाईला मात्र एक शास्त्रीय म्हणवलं गेलेलं कारण होतं. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सला जॉन मनी नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांचं म्हणणं असं की मूल जन्मतं तेव्हा मनाने कोरं असतं, पहिल्या दीड-दोन वर्षांत त्याचं लिंग ठरवा, अंग तसं दिसेल असं करा, तसं वाढवा, की झालं. त्यांचा गाजलेला पुरावा म्हणजे डेव्हिड रायमर, जो इंटरसेक्स, म्हणजे जन्मतः असं वेगळं शरीर असलेला, नव्हताच, जुळ्यातला एक साधा मुलगा, सुंता करताना अपघात झाला म्हणून त्याला मुलगी करून वाढवलं. यशस्वी, यशस्वी म्हणून वर्षानुवर्षं पुस्तकांत छापलं गेलं. १९९७ मध्ये बाहेर आलं की त्या पोराने मुलगीपण कधी मानलंच नव्हतं, १४ व्या वर्षी खरं कळल्यावर तो मुलगा म्हणून जगायला लागला होता. २००४ मध्ये त्याने आत्महत्या केली. आणि त्या एका केसच्या जोरावर जगभर किती बाळांना टेबलावर घेतलं गेलं, त्यात आपलीही आलीच.

ऑपरेशनने काय जातं तेही सरळ सांगायला पाहिजे, आपण मराठीत ह्यावर कुजबुजतोच फार. शिश्निका छोटी करताना संवेदना जाऊ शकते, कायमची. योनिमार्ग लहानपणी केला तर आक्रसतो, मग पुन्हा ऑपरेशन, पुन्हा व्रण. आणि अमुक मुलगी म्हणून केलेलं मूल मोठं होऊन मुलगा निघालं तर कापलेलं परत येत नाही. सगळीच ऑपरेशनं वाईट असं मी म्हणत नाहीये, लघवीची वाट अडली असेल तर करावंच लागतं, काही प्रकारांत आतल्या ग्रंथीला कॅन्सरचा धोका खरंच जास्त असतो तिथेही. पण 'बाकीच्यांसारखं दिसावं' म्हणून जे करतात त्याला थांबायला काय हरकत आहे? मूल स्वतः बोलेपर्यंत तरी.

थांबल्याने काय कळतं त्याची दोन उदाहरणं. काही मुलींची गुणसूत्रं एक्सवाय असतात पण टेस्टोस्टेरॉन ऐकणारा रिसेप्टरच चालत नाही. दिसायला, वाढायला पूर्ण मुलगी, कळतं कधी तर लहानपणी हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये आत वृषण सापडतं, नाहीतर सोळा वर्षं झाली तरी पाळी येत नाही म्हणून आई घेऊन येते तेव्हा. पूर्वी कॅन्सरच्या भीतीने ते वृषण लगेच काढायचे आणि मुलीला खोटं सांगायचे की ओव्हरी खराब होती. पण या प्रकारात वयात येण्याआधी कॅन्सरचा धोका अगदी कमी असतो, आणि त्याच वृषणाच्या टेस्टोस्टेरॉनचं शरीरात इस्ट्रोजेन होऊन तिची छाती आपोआप वाढते, हाडं मजबूत राहतात. काढलं की जन्मभर हॉर्मोनच्या गोळ्या. दुसरं उदाहरण डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या एका खेड्यातलं, तिथे मुली म्हणून वाढलेल्या काही मुलांचा आवाज बाराव्या वर्षाच्या आसपास फुटायचा, शिश्न वाढायचं आणि बहुतेक जण पुढे पुरुष म्हणून जगायचे. १९७४ मध्ये त्याचं कारण छापून आलं, टेस्टोस्टेरॉनला जोरकस करणारं ते एन्झाइम कमी. त्यावरून सुचून जे औषध बनलं ते फिनास्टेराइड, आज टक्कल पडू नये म्हणून आपले लोक बिनधास्त घेतात ते. म्हणजे त्या मुलांचा उपयोग आपल्या केसांना झाला, चला.

शब्दांचाही घोळ आहेच. अशा बाळाला पटकन 'तृतीयपंथी' म्हणून टाकतात, कुणी 'द्विलिंगी' म्हणतं, जसं काही दोन्ही पूर्ण आहेत. इंटरसेक्स ही शरीराची गोष्ट आहे, ट्रान्सजेंडर ही स्वतःला आपण कोण वाटतो त्याची. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्याने दोघांना एकाच व्याख्येत घातलं, पण मला भेटलेल्या बहुतेक पेशंट स्वतःला साध्या बाया म्हणवतात, काही साधे पुरुष. त्याच वर्षी २२ एप्रिलला मद्रास हायकोर्टाच्या मदुराई खंडपीठाने जे केलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. खटला होता एका लग्नाच्या नोंदणीचा, नवरी ट्रान्सजेंडर म्हणून नोंद नाकारलेली. न्यायमूर्ती जी. आर. स्वामिनाथन यांनी ते लग्न तर मान्य केलंच, वर इंटरसेक्स बाळांवरच्या असल्या ऑपरेशनांना बंदी घाला असं सरकारला सांगितलं, आणि ऑगस्टमध्ये तामिळनाडूने तसा आदेश काढला, जिवावर बेतलं असेल तरच ऑपरेशन. देशातलं ते पहिलं राज्य. पण आदेश तामिळनाडूपुरता. गोपी शंकर मदुराई, जे स्वतः इंटरसेक्स आहेत, त्यांनी हीच मागणी देशभरासाठी घेऊन सुप्रीम कोर्ट गाठलं आणि २०२४ मध्ये कोर्टाने केंद्राला नोटीस काढली. माल्टाने तर २०१५ मध्येच संमतीशिवायच्या अशा ऑपरेशनांवर कायद्याने बंदी आणली. एवढासा देश, आपल्या एखाद्या वॉर्डाएवढी वस्ती.

आमच्या बाळाचं काय झालं ते राहिलंच. १७-ओएचपी, म्हणजे त्या मेगाब्लॉकला तुंबलेला कच्चा माल, प्रचंड वाढलेलं आलं, गुणसूत्रं एक्सएक्स, आणि नवीन आलेल्या एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हॉर्मोनच्या डॉक्टर मॅडमनी घरच्यांना सर्जनची तारीख रद्द करायला लावली. बर्फी वाटली, महिन्याने, आजीने मलाही आणून दिली. आईला सिस्टरने शिकवलं, दहा मिलिग्रॅमची गोळी ब्लेडने कापायची, चुरायची, कागदाच्या पुड्या करायच्या, दिवसातून तीन वेळा, आणि वरून चिमूटभर मीठ पाण्यातून. ती माउली डोंबिवलीहून लोकलने पुड्यांचा डबा छातीशी धरून यायची. "ताई, पोरीला कधी सांगायचं हो हे?" असं विचारायची दर वेळी, आणि मॅडम म्हणायच्या आत्तापासूनच, तिला कळेल तेवढं, म्हणजे तिला एके दिवशी अचानक कळलं असं कधी होणारच नाही.

आता ती नऊ वर्षांची आहे, दर तीन महिन्यांनी रक्त द्यायला येते. कंपासपेटीत गोळ्या आणि एक कार्ड असतं. गेल्या वेळी मी मुद्दाम विचारलं, ताप आला तर काय करायचं गं? पाढे म्हणावेत तशी म्हणाली, "ताप आला की तिप्पट, उलटी झाली की इंजेक्शन, आणि आईला फोन." मग डावा हात पुढे केला, म्हणाली उजवा नको, उद्या चित्रकलेची परीक्षा आहे.