एका पदवीत दोन कायदे: आंतरराष्ट्रीय आणि युरोपीय कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासाची पार्श्वभूमी

युरोपातल्या अनेक विद्यापीठांत ‘आंतरराष्ट्रीय आणि युरोपीय कायदा’ या जोडनावाने एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, करता येते. दोन्ही विषय देशाच्या सीमेपलीकडचे, म्हणून ते एकत्र शिकवले जात असावेत, असे बाहेरून वाटते. पण या जोडीमागे एक जुना वाद आहे. तो ठाऊक असला तर अभ्यासक्रमातला निम्मा भाग आपोआप उलगडतो.

मध्ययुगात इटलीतल्या बोलोन्यासारख्या विद्यापीठांत रोमन कायदा आणि चर्चचा कायदा लॅटिनमधून शिकवला जाई. तिथे शिकलेल्याला युरोपात कुठेही काम करण्याइतकी समान भाषा मिळे. पुढे 1804 मध्ये फ्रान्सची नागरी संहिता आली, 1900 मध्ये जर्मनीची लागू झाली, आणि कायद्याचा विद्यार्थी आपापल्या देशाच्या संहितेत बांधला गेला. राष्ट्रांमधल्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय, कायद्याला डच कायदेपंडित ग्रोशियसच्या 1625 मधल्या युद्ध आणि शांततेवरच्या ग्रंथापासून मोठी परंपरा होती, तरी कायद्याच्या शिक्षणात त्याची जागा कोपऱ्यातच राहिली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटू लागले. ऑक्सफर्डमध्ये 1859 साली या विषयाचे स्वतंत्र अध्यासन निघाले. 1873 मध्ये बेल्जियममधल्या गेंट शहरात आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासकांनी स्वतःची संस्था स्थापन केली. 1899 च्या हेग परिषदेतून स्थायी लवाद न्यायालय उभे राहिले, 1913 मध्ये त्या न्यायालयाची इमारत, शांतता प्रासाद, खुली झाली आणि 1923 मध्ये तिथेच हेग अकादमीचे उन्हाळी वर्ग सुरू झाले. निरनिराळ्या देशांचे विद्यार्थी आणि अध्यापक काही आठवडे एकत्र बसून एकच विषय खोलात जाऊन शिकतात, ही पद्धत तिथे रुजली.

युरोपीय कायदा आला तो याच घरात. कोळसा-पोलाद समुदायाचा 1951 चा पॅरिस करार आणि आर्थिक समुदायाचा 1957 चा रोम करार, ज्यांतून पुढे युरोपीय संघ घडला, हे सहा देशांनी केलेले आंतरराष्ट्रीय करारच होते. ब्रुजमध्ये 1949 पासून कॉलेज ऑफ युरोप होते, सारब्र्युकेनमध्ये 1951 मध्ये आणि लायडनमध्ये 1957 मध्ये युरोपा इन्स्टिट्यूट या नावाच्या अभ्याससंस्था निघाल्या. तरी हा नवा कायदा समजून घेण्यासाठी हाताशी असलेली साधने मुख्यतः आंतरराष्ट्रीय कायद्याचीच होती: कराराचा अर्थ कसा लावायचा, देशावर बंधन केव्हा येते, वगैरे.

मग लक्झेंबर्गच्या न्यायालयाने, म्हणजे या करारांचा अर्थ लावणाऱ्या युरोपीय न्यायालयाने, दोन निवाडे दिले. व्हान गेंड एन लोस ही डच वाहतूक कंपनी. पश्चिम जर्मनीतून आणलेल्या एका रसायनावर तिला 3 ऐवजी 8 टक्के आयात शुल्क भरावे लागले. रोम कराराने शुल्क वाढवायला मनाई केली होती, पण ती मनाई सरकारांवर होती. कंपनीला तिचा आधार घेता येईल का? नेदरलँड्स, बेल्जियम आणि पश्चिम जर्मनी या तीन सरकारांनी विरोधात म्हणणे मांडले. 1963 मध्ये न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला आणि या करारांनी ‘आंतरराष्ट्रीय कायद्यातील नवी व्यवस्था’ निर्माण केल्याचे सांगितले. पुढच्याच वर्षी मिलानचे वकील फ्लामिनिओ कोस्ता यांचे 1,925 लिरांचे वीजबिल न्यायालयापुढे आले; वीज उद्योगाचे राष्ट्रीयीकरण करणारा इटलीचा कायदा रोम कराराविरुद्ध आहे, असे म्हणून त्यांनी ते भरायला नकार दिला होता. या वेळी न्यायालयाने आंतरराष्ट्रीय कायद्याचा उल्लेख गाळला. ही ‘स्वतःची कायदेव्यवस्था’ आहे आणि देशाचा कायदा आड आला तरी तीच वरचढ ठरते, असे ते म्हणाले. दीड वर्षाच्या आत झालेला हा बदल मला या विषयातली सर्वांत मोठी घटना वाटते. कारण तिथून प्रश्न उभा राहिला: युरोपीय कायदा अजूनही आंतरराष्ट्रीय कायद्याची शाखा आहे, की वेगळा निघाला आहे?

पदवीची आजची रचना मात्र शिक्षण धोरणातून आली. 1987 मध्ये विद्यार्थ्यांना दुसऱ्या युरोपीय देशात शिकता यावे म्हणून इरॅस्मस योजना सुरू झाली. 1999 मध्ये 29 देशांनी बोलोन्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, पदवी आणि पदव्युत्तर असे टप्पे स्पष्ट झाले आणि श्रेयांकांची समान मोजणी पसरली. एक वर्षाचे एलएलएम साधारण 60 श्रेयांकांचे असते. इंग्रजीतून शिकवणारे अभ्यासक्रम वाढले, दूरदूरचे विद्यार्थी येऊ लागले. वकिलीची सनद मात्र या पदवीने आपोआप मिळत नाही. ती त्या त्या देशाच्या नियमांवर असते. प्रवेश घेण्याआधीच हे लक्षात घ्यायला हवे.

दोन्ही कायदे शेजारी ठेवून शिकण्याचे मोल कादी खटल्यात दिसते. दहशतवादाला पैसा पुरवल्याच्या संशयावरून संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या यादीत यासिन अब्दुल्ला कादी यांचे नाव आले आणि युरोपीय नियमाने त्यांची मालमत्ता गोठवली. 2008 मध्ये लक्झेंबर्गच्या न्यायालयाने त्यांच्यापुरता तो नियम रद्द केला, कारण त्यांना बाजू मांडायची संधी मिळाली नव्हती. फक्त युरोपीय कायदा वाचणाऱ्याला हा मूलभूत हक्कांचा विजय वाटेल. फक्त आंतरराष्ट्रीय कायदा वाचणारा विचारेल, की सुरक्षा परिषदेचे निर्णय पाळण्याचे सदस्य देशांवरचे बंधन मग कुठे गेले? दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि ते एकाच वर्गात विचारले जावेत, म्हणून मला ही जोड-पदवी सुट्या पदव्यांपेक्षा सरस वाटते.

हा जुना वाद अजून मिटलेला नाही. मानवी हक्कांच्या युरोपीय करारात, जो संघाबाहेरचा वेगळा आंतरराष्ट्रीय करार आहे, युरोपीय संघाने सामील व्हावे, असे 2009 मध्ये लागू झालेला लिस्बन करार सांगतो. त्यासाठीचा मसुदा लक्झेंबर्गच्या न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये स्वतःच्या व्यवस्थेची स्वायत्तता पुढे करून अडवला. वाटाघाटी पुन्हा सुरू झाल्या आणि मार्च 2023 मध्ये वाटाघाटी करणाऱ्यांच्या पातळीवर सुधारित मसुद्यावर तात्पुरते एकमत झाले.