विहिरीवरची मोटर आणि झोपेतला श्वास

नागपुरात कुणाच्या घरी सीपॅप, म्हणजे झोपेत घसा मिटू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, आलं की शेजारपाजारचे आवाज खाली करून विचारतात, "बाबांना मशीन लागली म्हणते?" २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत या शहराने बायपॅप, व्हेंटिलेटर, ऑक्सिजन हे शब्द ज्या अवस्थेत ऐकले, ते विसरणं सोपं नाही. त्यामुळे मास्क आणि नळी दिसली की मन थेट वॉर्डात जाऊन पोचतं. मग वाटतं की हे मशीन ऑक्सिजन देतं, माणसाच्या जागी श्वास घेतं आणि एकदा लागलं की फुफ्फुसं आळशी होतात. यातलं एकही खरं नाही. पण याच भीतीपोटी स्लीप ॲप्नियाचे, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याच्या आजाराचे, कितीतरी रुग्ण चार रात्रींत मास्क काढून ठेवतात आणि मशीन कपाटात जातं.

मशीनमध्ये असतो एक छोटा, वेगाने फिरणारा पंखा. तो खोलीतलीच हवा घेतो, गाळतो आणि किंचित दाबाने नाकाकडे पाठवतो. त्या हवेत ऑक्सिजन तेवढाच, २१ टक्के. दाब मोजतात सेंटीमीटर पाण्यात. घरगुती मशीनचा पल्ला ४ ते २०, आणि अनेकांचं काम १०च्या आसपास होतं. १० सेंटीमीटर म्हणजे किती ते घरीच पाहता येईल. उभ्या पेल्यात पाणी घ्या, स्ट्रॉचं टोक १० सेंटीमीटर खोल बुडवा आणि बुडबुडे काढा. लहान पोरंही काढतात. तेवढाच दाब. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात तर नळीचं टोक खरंच पाण्यात बुडवून हा दाब तयार करतात. वातावरणाच्या एकूण दाबाच्या मानाने तो जेमतेम एक टक्का. समुद्रसपाटीवरच्या मुंबईहून ३१० मीटर उंचीवरच्या नागपूरला येताना हवेचा दाब साधारण ३५ सेंटीमीटर पाण्याइतका कमी होतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही, कारण तो आतबाहेर सारखाच बदलतो. महत्त्वाचा असतो तो दाबातला फरक. हा सगळा आजारच त्या फरकाचा आहे.

काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेत विहिरीच्या काठावर बसवलेली मोटर आठवा. विहिरीतून पाणी ओढणारा सक्शन पाइप नेहमी कडक असतो, त्यात कडी किंवा तार घातलेली असते. डिलिव्हरीचा पाइप मात्र चपटा, गुंडाळून खांद्यावर टाकता येईल असा असला तरी चालतो. असं का? ओढणाऱ्या बाजूला पाइपच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. तिथे मऊ पाइप लावला तर बाहेरची हवा त्याला दाबून चपटा करते आणि पाणी थांबतं. ढकलणाऱ्या बाजूला आतला दाब जास्त, म्हणून तोच मऊ पाइप टम्म फुगून गोल राहतो.

आपल्या श्वासमार्गात नाकाला हाडाचा आधार आहे. स्वरयंत्र आणि श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्या आहेत. मधल्या भागाला, म्हणजे पडजीभ आणि जिभेच्या मुळामागच्या घशाला, काहीच नाही. हा भाग कडक असता तर आपल्याला गिळता आलं नसतं, बोलताही आलं नसतं. म्हणून निसर्गाने तिथे स्नायूंचीच नळी ठेवली. छाती फुगते तेव्हा ती हवा ओढते, म्हणजे ही मऊ नळी बरोबर सक्शनच्या बाजूला येते. जागेपणी जीभ पुढे ओढून धरणारा स्नायू प्रत्येक श्वासाआधी ताठ होतो आणि नळी उघडी राहते. झोपेत तो सैलावतो, आणि स्वप्नांच्या झोपेत सर्वांत जास्त. मानेत चरबी साठलेली असेल, जबडा मागे असेल किंवा टॉन्सिल मोठे असतील तर नळी आधीच अरुंद असते. ती थरथरली की घोरणं. पूर्ण मिटली आणि हवा १० सेकंद किंवा जास्त थांबली की तो झाला एक ॲप्निया. मिटलेला किंवा अर्धवट मिटलेला श्वास तासाला ५ ते १५ वेळा मोजला गेला तर सौम्य आजार, १५ ते ३० मध्यम, ३०च्या पुढे गंभीर. तेव्हा घोरणारा माणूस गाढ झोपलाय, ही समजूत सोडून द्यायला हवी.

इथे थोडं गणित येतं, पण ते सोडून पुढे गेलं तर मशीनचं खरं कौशल्य कळत नाही. अशा मऊ नळीला एक 'मिटण्याचा दाब' असतो. नाकाकडचा दाब त्याच्याही खाली गेला तर नळी पूर्ण मिटते. खोलीतल्या हवेचा दाब शून्य धरला तर निरोगी माणसात हा आकडा उणे १० सेंटीमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही खाली असतो, म्हणून साध्या श्वासात नळी मिटत नाही. घोरणाऱ्यांत तो शून्याकडे सरकलेला असतो. गंभीर ॲप्नियात तो शून्याच्या वर जातो, म्हणजे छातीने काही ओढलं नाही तरी नळी आपली आपणच मिटते. आता गंमत पाहा. नळी अर्धवट मिटलेली असताना आत किती हवा जाईल हे छाती किती जोराने ओढते यावर ठरत नाही. नाकाकडचा दाब वजा मिटण्याचा दाब, या वजाबाकीवर ते ठरतं. जास्त जोराने ओढलं तर मऊ भाग आणखी चपटा होतो आणि हवा तेवढीच राहते. म्हणूनच झोपेत पोट आणि छाती जिवाच्या आकांताने हलत असतात आणि नाकातून काहीच जात नाही. शेवटी मेंदू क्षणभर जागा होतो, स्नायू ताठ होतो, मोठा घुरका येतो आणि चक्र पुन्हा सुरू.

वजाबाकीतला मिटण्याचा दाब आपल्या हाती नाही, नाकाकडचा मात्र आहे. सीपॅप तेवढाच वाढवतं. सक्शनच्या पाइपची ते डिलिव्हरीची बाजू करून टाकतं आणि मऊ नळी आतून फुगून गोल राहते. श्वास मात्र तुमचीच छाती घेते, पूर्वीही आणि आताही. सिडनी विद्यापीठातल्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये पाच रुग्णांवर हे दाखवलं, तेव्हा त्यांना ४.५ ते १० सेंटीमीटर एवढाच दाब पुरला होता. पहिल्या यंत्रात व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरली होती आणि सुरुवातीचे मास्क रोज रात्री नाकाला सिलिकोनने चिकटवावे लागत. त्याआधी गंभीर रुग्णांपुढे गळ्याला भोक पाडण्यावाचून उपाय नव्हता.

रात्री दचकून, गुदमरून उठणाऱ्या माणसाला आजही कुठे कुठे 'बाहेरची बाधा' म्हणून गंडेदोरे बांधले जातात, लिंबू उतरवलं जातं. हे मनाला फार लागतं. बोटाला ऑक्सिमीटर लावून एक रात्र नोंद घेतली तर श्वास थांबताच ऑक्सिजन कसा घसरतो हे बहुतेक वेळा कागदावर दिसतं. चुंबकाच्या नथन्या आणि घोरणं थांबवणाऱ्या अंगठ्या ऑनलाइन विकणारेही त्याच माळेतले. बोटातली अंगठी घशातल्या दाबात रतीभर फरक करत नाही.

आता सवयीचं बोलू. पहिली ओळख रात्री, थकलेल्या अवस्थेत करू नका. दिवसा खुर्चीत बसून मशीन न लावता नुसता मास्क हाताने चेहऱ्यावर धरा, पाच-दहा मिनिटं. ते जमलं की पट्टे लावा. मग मशीन सुरू करून टीव्ही बघत पंधरा-वीस मिनिटं. पुढे दुपारची वामकुक्षी मास्क लावून, आणि मगच पूर्ण रात्र. एका पायरीवर घाबरायला झालं तर एक पायरी मागे या आणि तिथे दोन दिवस थांबा. रात्री झोपेत मास्क काढला गेला तर जाग येईल तेव्हा परत लावा.

सगळ्यात मोठी तक्रार असते गुदमरल्यासारखं वाटण्याची, आणि बऱ्याचदा तिचं कारण दाब जास्त असणं नसून कमी असणं असतं. मास्कवर बारीक छिद्रं असतात. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड त्यांतूनच बाहेर जातो. १० सेंटीमीटरला मास्कनुसार मिनिटाला साधारण ३० लिटर हवा तिथून वाहते, आपला शांत श्वास मिनिटाला सहा-सात लिटरचा. पण मशीन ४ वर सुरू झालं तर हा झोत बराच मंद असतो आणि जाग्या माणसाला हवा पुरत नाही असं वाटतं. डॉक्टरांना सांगून सुरुवातीचा दाब ५-६ केला की अनेकांची तक्रार तिथेच मिटते. ती छिद्रं गळती समजून चिकटपट्टीने बुजवणारे लोक आहेत. असं कधीच करू नका, तुमचाच उच्छ्वास पुन्हा आत जाईल. उलट दाब जास्त असलेल्यांना श्वास सोडताना जड वाटतं. त्यासाठी श्वास सोडताना दाब दोन-तीन सेंटीमीटरने उतरवण्याची सोय बहुतेक मशीनमध्ये असते, आणि झोप लागेपर्यंत दाब हळूहळू चढवणारी 'रॅम्प'ही. जागे असताना श्वास सोडायला जरा जास्त वेळ द्या, स्ट्रॉने बुडबुडे काढता तसा.

मास्क तीन प्रकारचे: नाकपुड्यांत टेकणारा, नाकावर बसणारा आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा. जाड मिशी असेल तर पहिला बरा पडतो. पट्टे कधीही उभं राहून बांधू नका. झोपलं की गालांचा आकार बदलतो, म्हणून आडवं होऊन, मशीन चालू ठेवून बांधा. मास्कची सिलिकोनची कड हवेने फुगून बसायला हवी. पट्टा आवळला की ती चपटी होते आणि गळती वाढते, वर नाकाच्या दांड्यावर जखम. डोळ्यांकडे वारा लागत असेल तर आधी मास्क चेहऱ्यापासून किंचित उचला आणि पुन्हा बसू द्या. झोपण्याआधी चेहरा साबणाने धुवा. डोक्याला तेल लावून झोपायची सवय असेल तर ते सकाळी लावा. तेलाने सिलिकोन घसरतो आणि लवकर खराब होतो.

तोंड कोरडं पडणं आणि नाक चोंदणं ही नागपूरच्या उन्हाळ्यात हटकून येणारी जोडगोळी. नाक आत येणाऱ्या हवेला ओलावा देतं आणि जाणाऱ्या हवेतून त्यातला काही परत घेतं. तोंड उघडं पडलं तर हवा नाकातून आत आणि तोंडातून बाहेर, अशी एकाच दिशेने धावते. नाकाला परतफेड मिळत नाही. अस्तर सुकतं, सुजतं, नाक चोंदतं, मग तोंड आणखी उघडतं. उपाय म्हणजे मशीनची गरम पाण्याची टाकी वापरणं, मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्याने नाक मोकळं करणं, आणि तरीही तोंड उघडत असेल तर पूर्ण चेहऱ्याचा मास्क. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोली दमट करतो, तिथे टाकीच्या ओलाव्याची पातळी मशीनवर एक-दोन अंकांनी कमी लागते. एसी हवा सुकवतो, तिथे वाढवावी लागते. कूलरचा झोत आणि तुषार मात्र मशीनच्या फिल्टरवर येऊ देऊ नका.

डिसेंबर-जानेवारीत याच्या उलट घडतं. गरम दमट हवा थंड नळीतून जाताना पाणी सुटतं, आणि पहाटे तीनला नळीत गुडगुड होऊन नाकावर थेंब येतो. मशीन डोक्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवा म्हणजे पाणी टाकीकडे परत वाहील. नळी रजईखालून घ्या. गरम होणारी नळी मिळते, तीही चालते.

टाकीत बोअरचं पाणी घातलं की तळाला क्षाराचा पांढरा थर बसतो. डिस्टिल्ड वॉटर वापरा, पण इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायचं नव्हे. ते श्वासासाठी तपासलेलं नसतं. पाणी रोज बदला, आणि मशीन हलवण्याआधी टाकी रिकामी करा, नाहीतर पाणी पंख्यात शिरतं. मास्कची कड रोज, नळी आणि टाकी आठवड्याला, सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा. फिल्टर पंधरा दिवसांनी बघा. रस्त्याचं काम जवळ चालू असेल तर तो आधीच राखाडी झालेला असेल.

मे-जूनमधल्या वादळांत वीज जाते तेव्हा पंखा थांबतो. पूर्ण चेहऱ्याच्या मास्कमध्ये अशा वेळी बाहेरची हवा आत घेणारी झडप असते. नाकाच्या मास्कवाल्यांनी तो काढून ठेवावा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर कागदावर १८०० वॅट-तास मिळतात. टाकीसह ६० वॅट धरले तरी आठ तासांना ४८० लागतात, म्हणजे पंखे-दिवे धरूनही रात्र निघू शकते. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा असावा, आणि वीज नसताना टाकीचं तापणं बंद ठेवावं, सर्वांत जास्त वीज तेच खातं.

सकाळी पोट फुगलेलं, ढेकर येत असतील तर हवा अन्ननलिकेत जाते आहे. कुशीवर झोपा आणि दाबाचं डॉक्टरांशी बोला, स्वतः आकडे बदलू नका. विक्रेते मशीनने हार्ट अटॅक टळतो असंही सांगतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, २,७१७ रुग्णांच्या चाचणीत तसं दिसलं नाही. मात्र त्या रुग्णांचा सरासरी वापर रात्री जेमतेम ३.३ तास होता. दिवसाची झोपाळू अवस्था आणि घोरणं त्यांच्यातही कमी झालं होतं.

पहिल्या दोन आठवड्यांनंतर मशीनचं कार्ड किंवा ॲपमधली नोंद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि तीन आकडे विचारा. वापराचे तास: ७० टक्के रात्री किमान ४ तास हा जगभर वापरला जाणारा किमान निकष आहे, लक्ष्य मात्र पूर्ण झोपेचं. गळती: ती जास्त असेल तर बाकीचे आकडे विश्वासाचे नाहीत, आधी मास्क बदला. आणि तासाला उरलेले ॲप्निया: ते ५च्या वर असतील तर ते घसा मिटल्याचे की मेंदूने श्वासाचा हुकूमच न दिल्याचे, हे विचारा. दुसऱ्या प्रकारचे सुरुवातीला काहींना होतात, बहुतेकांचे काही आठवड्यांत ओसरतात, आणि त्यासाठी दाब वाढवणं हा उपाय नाही.