वाटी-चमच्याचे प्रमाण

पाककृतीतील जिन्नस वजनाने न सांगता घरातल्या वाटी-चमच्याने मोजून सांगण्याची मराठी पाकपुस्तकांतील पद्धत. रोजच्या शाकाहारी स्वयंपाकात ती सर्वाधिक रुळली, कारण डाळ, तांदूळ, रवा, पीठ, साखर हे सारे जिन्नस भांड्यात भरून मोजता येतात.

हिच्या उगमाविषयी मतभेद आहेत. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ला (१९७०) बहुधा श्रेय दिले जाते. ही प्रमाणे घरोघरी पोहोचवण्यात त्या पुस्तकाचा वाटा मोठा, हे मान्य. पण भांड्याने मोजणे त्याहून पुष्कळ जुने. धान्यासाठी चिपटे (पाव शेर), मापटे (अर्धा शेर), शेर, पायली (चार शेर) ही उतरंड बाजारात होतीच. आयुर्वेदात चार कर्षांचे एक पल, चार पलांचा कुडव, चार कुडवांचा प्रस्थ असे मान असून, कुडवापासून पुढे द्रव पदार्थ दुप्पट घ्यावेत असा संकेत आहे. वजन आणि आकारमान यांची सांगड घालण्याचा तो प्रयत्न दिसतो. मात्र त्यापासून थेट आजच्या वाटीपर्यंत परंपरा जोडणे ओढाताणीचे वाटते. अधिक पटणारे कारण वजनांच्या गोंधळाचे आहे. मुंबईचा जुना शेर सुमारे ३१८ ग्रॅम, तर ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅम. म्हणजे ‘पावशेर साखर’ एका घरी दुसऱ्या घरच्या तिप्पट होऊ शके. पुढे १९५६च्या कायद्यानुसार १९५८पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक मापे आली आणि शेर-तोळ्यांत लिहिलेल्या कृती नव्या गृहिणीला परक्या झाल्या. वाटी या साऱ्या उलथापालथीबाहेर राहिली.

वाटी केवढी, हा नेहमीचा प्रश्न. घरगुती वाट्या १०० ते २०० मि.लि.च्या असतात, १५० मि.लि. धरणे सोयीचे. अशा सपाट वाटीत तांदूळ, साखर किंवा हरभराडाळ सुमारे १२५ ग्रॅम, रवा १०५, कणीक ८०, तर तूप १३५ ग्रॅम बसते. पण शिऱ्यासारख्या कृतीत (एक वाटी रवा, पाऊण ते एक वाटी साखर, अर्धी वाटी तूप, दोन ते अडीच वाट्या पाणी किंवा दूध) वाटीचा आकार गौण, सगळे त्याच वाटीने मोजले म्हणजे झाले. मोदकांच्या उकडीला तांदळाच्या पिठाइतकेच पाणी लागते. जुन्या तांदळाला थोडे जास्त.

चुकते ते भरण्यात. चाळून सैल भरलेले बेसन वाटीत सुमारे ६० ग्रॅम बसते, आपटून भरलेले ७५. दोन वाट्या बेसनाला पाऊण वाटी तूप हे प्रमाण आपटून भरलेल्या बेसनाचे. सैल बेसनाला तेवढेच तूप घातले तर लाडू पसरट होऊन बसतात. पुरणात डाळ-गूळ समसमान म्हणतात ते वजनाने. सैल किसलेला गूळ वाटीत कमी मावतो आणि पुरण फिके होते. दाबून भरला तर डाळीपेक्षा जड होतो आणि पुरण आटता आटत नाही. चांगल्या पुस्तकात म्हणून ‘सपाट’, ‘शिगोशीग’, ‘दाबून’ हे शब्द असतात. ते नसतील तर सपाट वाटी समजावी.

प्रमाण वाढवताना सगळेच त्याच पटीत वाढत नाही. एक वाटी रव्याच्या उपम्याला अडीच वाट्या पाणी पुरते, पण सहा वाट्यांना पंधरा घातल्यास उपमा गिचका होतो, कारण मोठ्या पातेल्यात त्या मानाने वाफ कमी उडते. एक-दीड वाटी पाणी हातचे राखावे. फोडणीचे तेलही दुपटीला दुप्पट लागत नाही. मीठ मात्र पटीतच.

चमच्यात गफलत अधिक महागात पडते. चहाचा चमचा ५ मि.लि., मोठा १५ मि.लि.; शीग आली की दीडपट-दुप्पट भरतो. जाड मीठ चमच्यात बारीक मिठापेक्षा कमी बसते. ढोकळ्यात सोडा जास्त झाला किंवा नीट मिसळला नाही, की हळदीमुळे लाल ठिपके पडतात आणि चव साबणासारखी लागते.

परदेशातील मराठी घरांत वाटीच्या जागी बहुधा २४० मि.लि.चा कप येतो. शिरा, भात त्याने बिघडत नाहीत. पण मीठ, तिखट, सोडा, मसाला चमच्याने लिहिलेला असल्याने तेवढाच राहतो, आणि मूळचे जिन्नस १५० मि.लि.च्या वाटीच्या मानाने १.६ पट होतात. पदार्थ अळणी लागतो. अशा वेळी चमच्याची मापे दीडपट धरून शेवटी चव पाहावी. सोड्याच्या बाबतीत तेही जपूनच.