एकच बोअर, दोन शस्त्रे: .३२ रिव्हॉल्व्हर आणि .३२ पिस्तूल

परवान्यावर ‘.३२ बोअर’ एवढेच वाचून रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल ही एकाच वस्तूची दोन रूपे आहेत, असे समजणारे लोक इंदूरमध्ये बरेच भेटतात. तसे समजायला कारणही आहे, कारण दोन्ही कमरेला बाळगता येतात, दोन्हींच्या नळीचा व्यास जवळपास सारखाच असतो आणि दुकानदारही दोन्हींना ‘बत्तीस बोअर’ असेच म्हणतो. प्रत्यक्षात त्यांची काडतुसे वेगळी आहेत, यंत्रणा वेगळी आहे आणि मुख्य म्हणजे त्यांचा सराव करण्याची रीत वेगळी आहे. आपल्या शहरात नागरिकाच्या सरावाला ज्या मर्यादा आहेत त्या पाहता, ‘यापैकी कशाचा सराव मला खरोखर करता येईल?’ हा प्रश्न किंमत, वजन आणि दिसणे यांच्या आधी विचारावा, असे माझे ठाम मत आहे.

दोन्ही शस्त्रे .३२ मध्येच का अडकली आहेत, याचे उत्तर कायद्यात आहे. सैन्य आणि पोलीस वापरतात किंवा पूर्वी वापरत ती ९ मिलिमीटर, .३८० किंवा .४५५ ची काडतुसे ज्यात बसतील अशी पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर शस्त्र नियम, २०१६ नुसार प्रतिबंधित वर्गात मोडतात. त्यामुळे सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला प्रामुख्याने .३२ येते. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे. म्हणजे चुकीची निवड झाली, तर ‘आणखी एक घेऊन पाहू’ म्हणण्यास फारसा वाव उरत नाही.

आता काडतुसांकडे पाहू, कारण सर्वात धोकादायक गोंधळ इथेच होतो. रिव्हॉल्व्हरमध्ये ‘.३२ स्मिथ अँड वेसन लाँग’ हे काडतूस चालते. त्याच्या बुडाला बाहेर आलेली स्पष्ट कड असते आणि त्याची पूर्ण लांबी सुमारे ३२ मिलिमीटर असते. पिस्तुलाचे ‘.३२ एसीपी’ हे काडतूस अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी आखले असून ते ७.६५ मिलिमीटर या नावानेही विकले जाते. ते सुमारे २५ मिलिमीटर लांब असते आणि त्याची कड अगदी थोडीच बाहेर आलेली असते. रिव्हॉल्व्हरचे लांब काडतूस या पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये (काडतुसे भरायच्या पेटीत) बसतच नाही, त्यामुळे ती चूक लगेच लक्षात येते. उलट दिशेची चूक मात्र लक्षात येत नाही: पिस्तुलाचे आखूड काडतूस अनेक .३२ रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमधील (काडतुसे धरणाऱ्या फिरत्या नळकांड्यातील) घरात सहज सरकते आणि उडूही शकते. अमेरिकी मानकांनुसार रिव्हॉल्व्हरच्या या काडतुसाचा कमाल दाब १५,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), तर पिस्तुलाच्या काडतुसाचा २०,५०० पीएसआय आहे. जुन्या, झिजलेल्या रिव्हॉल्व्हरवर हा जादा दाब टाकणे म्हणजे हातातच अपघात ओढवून घेणे होय. काडतुसे घेताना डब्यावरचे पूर्ण नाव वाचावे, केवळ ‘बत्तीस’ म्हणून मागू नयेत.

रिव्हॉल्व्हरची यंत्रणा सरळ आहे. सिलिंडरमध्ये सहसा सहा घरे असतात, चाप ओढला की सिलिंडर फिरतो, हॅमर (आघात करणारा घोडा) मागे जातो आणि सुटतो. कानपूरची जुनी .३२ रिव्हॉल्व्हर ब्रिटिश वेब्ली घराण्याची, म्हणजे मधून मोडून उघडणारी आहेत. २०२३ साली बाजारात आलेल्या ‘प्रबल’ रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर बाजूला सरकतो, ज्यामुळे भरणे आणि रिकामे करणे सुटसुटीत झाले आहे. दोन्ही प्रकारांत शस्त्र उघडले की सहाही घरे एका नजरेत दिसतात. पिस्तुलाचे तसे नाही. मॅगझिन काढून घेतले तरी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसण्याच्या जागेत) एक काडतूस शिल्लक असू शकते आणि अनेक जुन्या .३२ पिस्तुलांची स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) शेवटच्या गोळीनंतर मागे अडकून राहत नाही, त्यामुळे बाहेरून पाहून शस्त्र रिकामे आहे की नाही हे कळत नाही. आधी मॅगझिन काढणे, मग स्लाइड मागे ओढणे, मग चेंबरमध्ये डोळ्यांनी आणि बोटाने तपासणे, हा क्रम हाडीमांसी मुरावा लागतो. क्रम उलटा झाला, तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधून नवे काडतूस चेंबरमध्ये ढकलते आणि ‘रिकामे’ समजलेले शस्त्र भरलेले असते.

इंदूरच्या आसपास गोळीबाराचे आवाज काही कमी नाहीत. महूला सैन्याची इन्फन्ट्री स्कूल आणि आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे, तर शहराच्या बाजूला सीमा सुरक्षा दलाची रेवती रेंज आहे. पण या जागा मुख्यतः गणवेशधाऱ्यांच्या आहेत. नागरिकाच्या वाट्याला येतात त्या बहुतेक १० मीटरच्या हवाई पिस्तुलाच्या रेंज. काडतुसे उडवण्याची सोय जिथे मिळते तिथेही नियम खेळाच्या शिस्तीचे असतात. होल्स्टरमधून शस्त्र काढायचे नाही, लागोपाठ गोळ्या झाडायच्या नाहीत, एका वेळी एक किंवा मोजकीच काडतुसे भरायची, हालचाल करायची नाही. हे नियम जाचक वाटले तरी ते सुरक्षिततेसाठी आहेत आणि त्यांच्याशी हुज्जत घालणे गैर आहे. शेतावर किंवा मोकळ्या माळावर जाऊन ‘थोडा सराव’ करण्याचा विचार तर मनातही आणू नये. लग्नाच्या वरातीतील गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ पासून कायद्यात आहे, हेही इथे नोंदवून ठेवतो.

या मर्यादांत रिव्हॉल्व्हर चांगले टिकते. एका वेळी एकच काडतूस भरण्याचा नियम असला, तरी स्वसंरक्षणात सर्वात महत्त्वाची असते ती पहिली गोळी, आणि तिचा सराव एका काडतुसाने पूर्ण होतो. अट इतकीच की हॅमर अंगठ्याने मागे ओढून हलक्या चापावर गोळी झाडण्याचा मोह टाळला पाहिजे. रेंजवर कागदावरचे गुण वाढवण्यासाठी बहुतेक जण नेमके तेच करतात. तसे केल्यास लक्ष्यपत्र सुंदर दिसते, पण संकटात जो लांब आणि जड चाप ओढावा लागणार आहे त्याचा सराव शून्य राहतो. प्रत्येक गोळी चापाच्या पूर्ण प्रवासातून झाडावी, टेबलावरून शस्त्र उचलून, दोन्ही हातांची पकड जमवून, एक गोळी, मग पुन्हा शस्त्र खाली. परवानगी मिळाली तर लक्ष्य २५ मीटरऐवजी ७ ते १० मीटरवर लावावे. गुण कमी येतील. येऊ द्यावेत.

पिस्तुलाचे याच नियमांत हाल होतात. त्याचे खरे कौशल्य मॅगझिन बदलणे, अडकलेले काडतूस मोकळे करणे आणि दुसरी-तिसरी गोळी ताब्यात ठेवणे यांत आहे, आणि नेमके तेच रेंजवर करू दिले जात नाही. शिवाय .३२ एसीपीची कड थोडी बाहेर आलेली असल्यामुळे मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली, तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि पिस्तूल चालत नाही. हा दोष भरण्याच्या सवयीने टळतो, पण सवय लागायला मॅगझिन वारंवार भरावे लागते. एकच काडतूस झाडायचे असले तरी ते मॅगझिनमधूनच चढवावे. हाताने चेंबरमध्ये टाकून स्लाइड सोडल्यास काही पिस्तुलांचा एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर ओढणारा आकडा) खराब होतो.

उरलेला सराव घरी, काडतुसांशिवाय होतो, आणि इथे दोघांमधला फरक सर्वाधिक ठळक दिसतो. रिव्हॉल्व्हरचा चाप कितीही वेळा ओढला तरी प्रत्येक वेळी पूर्ण प्रवास मिळतो. पुष्कळशा पिस्तुलांत मात्र प्रत्येक वेळी स्लाइड मागे ओढावी लागते, त्यामुळे लय तुटते. काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलुपात ठेवावीत, शस्त्र दोनदा तपासावे, रोख भक्कम भिंतीकडेच असावा, घरात मुले असताना हा सराव करू नये आणि डमी काडतुसे वापरावीत. .२२ चे ‘निडर’ रिव्हॉल्व्हर ज्यांच्याकडे आहे त्यांनी डमीशिवाय चाप ओढूच नये, कारण त्या प्रकारात फायरिंग पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळू शकते. होल्स्टरमधून काढण्याचा सरावही इथेच, सावकाश, बोट चापाबाहेर ठेवून करावा. सार्वजनिक जागी शस्त्र होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात असावे, असे नियम सांगतात. म्हणून सदरा बाजूला सारण्यापासून सुरुवात करावी.

ज्याला महिन्यातून एखादेच वेळी रेंज मिळते, त्याने रिव्हॉल्व्हर घ्यावे, असे मी स्पष्टपणे सांगेन. अपवाद एकच, तो म्हणजे २५ मीटर सेंटर फायर प्रकारात नियमित खेळणारा नेमबाज. त्या प्रकारात ३० गोळ्या संथ आणि ३० वेगवान असतात. वेगवान भागात लक्ष्य दर वेळी फक्त तीन सेकंद समोर राहते. महूच्या युनिटमध्ये घडलेले नेमबाज विजय कुमार २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच प्रकारात पदके मिळवून गेले. असा खेळाडू स्पर्धेसाठी बहुधा रिव्हॉल्व्हरचे .३२ लाँग काडतूस चालवणारे खास पिस्तूल वापरतो. पण स्लाइड, मॅगझिन आणि चेंबर यांची शिस्त त्याच्या अंगात आधीच मुरलेली असते.

निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागले, तर सराव कित्येक आठवडे थांबतो. त्या काळात १० मीटरच्या रेंजवर .१७७ च्या हवाई पिस्तुलाने दृष्टी आणि श्वास यांचे काम चालू ठेवता येते. मात्र स्पर्धेच्या हवाई पिस्तुलाचा चाप ५०० ग्रॅमपासून सुटतो आणि रिव्हॉल्व्हरचा त्याच्या कितीतरी पट जड असतो, म्हणून शस्त्र परत मिळाल्यावर पहिला आठवडा केवळ रिकाम्या चापासाठी राखून ठेवावा आणि त्यानंतरच रेंजची वेळ मागावी.