देण्यासाठी भाजलेलं

दोन पौंड चीज खलात बारीक वाटायचं, त्यात एक पौंड गव्हाचं पीठ मिसळायचं, एक अंडं फोडून घालायचं आणि गोळा मळायचा. खाली पानं घालून तो तापलेल्या चुलीवर ठेवायचा, वरून मातीचं भांडं उपडं झाकायचं आणि मंद आचेवर भाजायचा. ही कृती सुमारे 2,200 वर्षांपूर्वीची आहे. केटो या रोमन राजकारण्याने शेतीवर एक पुस्तक लिहिलं, त्यात पदार्थाच्या नावासकट ती दिली आहे: लिबुम.

गेल्या डिसेंबरात मी लिबुम घरी करून पाहिलं. चीजऐवजी ताजं पनीर घेतलं. केटोने पानं कसली ते सांगितलेलं नाही, म्हणून तमालपत्रं घेतली. जाड बिडाचा तवा आणि त्यावर उपडी घातलेली मातीची कुंडी. पाऊण तासाने कुंडी उचलली तेव्हा भाजलेल्या दुधाचा आणि तमालपत्राचा वास घरभर पसरला. गोळा उलटला, तर तळाला पानाच्या शिरा जशाच्या तशा उमटल्या होत्या. तळ खरपूस तांबूस आणि वरची बाजू मात्र फिकट. त्याचं कारण साधं आहे. प्रथिनं आणि साखर यांच्यातल्या ज्या अभिक्रियेने भाजलेल्या पदार्थाला रंग आणि वास येतो, ती साधारण 140 अंश सेल्सिअसच्या पुढे वेग घेते. उपड्या भांड्याखाली कोंडलेल्या वाफेमुळे पदार्थाचा वरचा भाग बराच वेळ ओलसर राहतो, तितका तापत नाही आणि कडक व्हायच्या आत आतून शिजतो. वरूनही रंग हवा असेल तर झाकणावर निखारे ठेवावे लागतात. रोमन तसंच करत. गोव्यात पारंपरिक पद्धतीने बेबिंका करणाऱ्याला हे तंत्र वेगळं सांगायला नको.

पण मला या लिबुममध्ये रस आहे तो दुसऱ्याच कारणासाठी. ते मुळात घरच्यांनी खायला नव्हतं, देवापुढे ठेवायला होतं. युरोपातल्या पेगन लोकांच्या हिवाळी सणांबद्दल वाचत गेलं की हे पुन्हा पुन्हा भेटतं. लॅटिनमध्ये पागानुस म्हणजे खेड्यातला माणूस; पुढे ख्रिस्ती लोकांनी जुने देव पुजणाऱ्यांना तो शब्द लावला. या लोकांच्या सणांत भाजणं आणि देणं ही दोन कामं वेगळी काढताच येत नाहीत. जे भाजलं जातं ते देवाला, शेजाऱ्याला, गुलामाला, गरिबाला, पाखरांना, अगदी जमिनीलासुद्धा द्यायचं असतं.

रोममध्ये डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास कॉम्पिटालिया नावाचा सण असे. कॉम्पिटुम म्हणजे चव्हाटा, रस्ते जिथे मिळतात ती जागा. तिथल्या रक्षक देवांसाठी दरवर्षी प्रत्येक घराने मधाची एक पोळी द्यायची असा नियम होता, असं इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला इतिहासकार डायोनिसियस सांगतो. कोकणातल्या ज्या गावांत चव्हाट्याचं स्थान आहे, तिथल्या माणसाला ही कल्पना परकी वाटणार नाही. घर लहान असो की मोठं, पोळी एकच, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

त्याआधी, 17 डिसेंबरला सॅटर्नालिया सुरू होई. सॅटर्न हा पेरणीशी जोडलेला देव. पुढे हा सण वाढत सात दिवसांवर गेला. मेणबत्त्या आणि मातीच्या छोट्या मूर्ती एकमेकांना दिल्या जात आणि गुलाम मालकाबरोबर, कधी मालकाच्या आधी जेवत. केटोचं पुस्तक इथेही हिशेबी आहे: सॅटर्नालिया आणि कॉम्पिटालियासाठी शेतावरच्या प्रत्येक माणसाला साडेतीन कोंगियस, म्हणजे साधारण 11 लिटर, वाइन जादा द्यावी. उदारपणाला सीमा मात्र होती. सण संपला की गुलाम पुन्हा गुलामच. हे विसरून त्या दिवसांचं कौतुक करणं मला पटत नाही.

ही खंत त्या काळातल्या माणसांनाही होती. दुसऱ्या शतकात लुशियन या ग्रीक भाषेतल्या लेखकाने या सणाचे नियमच लिहून काढले. ढंग विनोदी, पण म्हणणं खरं. श्रीमंताने सणाच्या बरंच आधी मित्रांची यादी करावी, वर्षाच्या मिळकतीचा दहावा भाग आणि जास्तीचे कपडे बाजूला काढावेत. आणि सगळ्यांत नेमका नियम: श्रीमंताने श्रीमंताला काही पाठवू नये. देणं वरून खाली वाहिलं पाहिजे, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा त्या काळातला दुसरा मजकूर माझ्या वाचनात नाही.

मग 1 जानेवारी. या दिवशी खजूर, सुकी अंजिरं आणि मध भेट द्यायची रीत होती. या भेटींना स्ट्रेने म्हणत. फ्रेंच आणि इटालियन भाषांत नव्या वर्षाच्या भेटीचे शब्द आजही त्यावरूनच आहेत. ओव्हिड या कवीने आपल्या ‘फास्ती’ या सणवारांवरच्या काव्यात आरंभाचा देव जेनस यालाच विचारलं आहे, की हा खजूर, ही सुरकुतलेली अंजिरं, पांढऱ्या बरणीतला हा मध कशासाठी? देव उत्तर देतो: शकुनासाठी, म्हणजे जी चव सुरुवातीला तीच वर्षभर राहील. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला संक्रांतीला हातावर टेकवलेला तिळगूळ आठवला. एकाने दुसऱ्याकडून उचललं असं मी म्हणत नाही. गोड हातात देऊन गोडव्याची मागणी करणं माणसाला दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचू शकतं.

मात्र निवडलेल्या पदार्थांमागे भौतिक कारण आहेच. देण्याचा पदार्थ टिकावा लागतो. मधात पाणी जेमतेम 17-18 टक्के, तेही साखरेने धरून ठेवलेलं. अशा ठिकाणी जिवाणू पडला तर त्याच्याच पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. शिवाय मधातली फ्रुक्टोज साखर हवेतला ओलावा धरते, म्हणून मधाचे केक कित्येक दिवस मऊ राहतात. तिळगूळ दुसऱ्या वाटेने तिथेच पोचतो. तिळात जवळपास निम्मं तेल आणि पक्क्या पाकात पाणी अगदी थोडं. वाटीतल्या पाण्यात पाकाचा थेंब टाकून, घट्ट झालेली गोळी ताटलीवर आपटून टण् असा आवाज येतो का ते बघणारी आजी पाकातल्या पाण्याचं प्रमाणच तपासत असते.

पण हे सगळं ऐन हिवाळ्यातच का? पहिलं कारण कोठाराचं. उत्तर युरोपात नोव्हेंबरात गुरं कापली जात, कारण हिवाळाभर सगळ्यांना पुरेल इतका चारा नसे. इंग्लंडमधला ख्रिस्ती विद्वान बीड याने इसवी सन 725 मध्ये जुन्या महिन्यांची नावं नोंदवून ठेवली, त्यात नोव्हेंबरचं नाव ‘रक्ताचा महिना’ असंच आहे. तोवर मळणीही बरीचशी उरकलेली. म्हणजे डिसेंबरच्या शेवटी दिवस सर्वांत लहान, पण घर सर्वांत भरलेलं. खरी उपासमार पुढे, वसंताच्या तोंडावर येते. जवळ आहे तेव्हा वाटून ठेवलं, तर नसेल तेव्हा मागायला तोंड राहतं.

दुसरं कारण आकाशातलं. मार्च किंवा सप्टेंबरात रोमच्या अक्षांशावर सूर्य उगवण्याची जागा रोज जवळपास एका सूर्यबिंबाइतकी सरकते. अयनदिनानंतरच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवसानंतरच्या, पूर्ण आठवड्यात ती जेमतेम अर्ध्या बिंबाइतकी सरकते. डोळ्यांना सूर्य थांबलेलाच दिसतो. त्यामुळे नेमका दिवस पकडणं अवघड, आणि सण एका दिवसाचा न राहता ऐसपैस पसरतो, असं मला वाटतं. स्टॉकहोमला तेव्हा दिवस सहा तासांचा असतो, रोमला नऊ, मुंबईला अकरा. या थांबलेल्या सूर्याची धास्ती उत्तरेत जास्त का, ते या आकड्यांतच आहे.

गंमत म्हणजे यातले अनेक सण आता सूर्यापासून दूर गेले आहेत. स्वीडनमध्ये 13 डिसेंबरला लुसिया या ख्रिस्ती संत स्त्रीच्या दिवशी केशर घातलेले पिवळे पाव करतात आणि ती सर्वांत लांब रात्र मानायची जुनी समजूत आहे. चौदाव्या शतकात ते खरंही होतं. ज्युलियन कॅलेंडर वर्षाला सुमारे 11 मिनिटं चुकत असे, म्हणजे 128 वर्षांत एक दिवस. स्वीडनने 1753 मध्ये कॅलेंडर सुधारलं, पण लुसियाची तारीख तीच राहिली. आपली संक्रांतही अशीच निसटली, पण वेगळ्या कारणाने. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सुमारे 26,000 वर्षांत एक गिरकी घेतो. पंचांगातली मकर रास ताऱ्यांना बांधलेली, अयनदिन मात्र अक्षाला. सुमारे 72 वर्षांत एक दिवस अंतर पडतं. साधारण 1,700 वर्षांपूर्वी दोन्ही एकत्र होते, आज संक्रांत 14-15 जानेवारीला आहे. नॉर्वेतला यूल हा जुना हिवाळी सणसुद्धा जानेवारीच्या मध्यावर सुरू होई; दहाव्या शतकात राजा हाकोनने तो ख्रिसमसच्या वेळेवर आणला, अशी नोंद आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसन या इतिहासकाराने केली आहे.

ख्रिस्ती धर्म आल्यावर देव बदलले, देणं राहिलं. इंग्लंडमध्ये 21 डिसेंबरला, सेंट थॉमसच्या दिवशी, गरीब बायका दारोदार जाऊन गहू मागत आणि बदल्यात हॉली या काटेरी पानांच्या सदाहरित झाडाची डहाळी देत. त्या गव्हाची दूध घालून खीर होई. नॉर्वेत ओटची पेंढी काठीला बांधून पाखरांसाठी उभी करतात. ऑस्लोची रात्र 18 तासांची. तेवढ्या रात्रीत लहानसा पक्षी नुसतं ऊबदार राहण्यासाठी आपल्या वजनाचा 5 ते 10 टक्के भाग जाळून टाकू शकतो. सकाळी त्याला चरबी परत मिळवायला उरतात जेमतेम सहा तास.

आणि जमिनीचं देणं. बीडने फेब्रुवारीला ‘पोळ्यांचा महिना’ म्हटलं आहे, कारण तेव्हा लोक आपल्या देवांना पोळ्या वाहत. अकराव्या शतकातल्या एका इंग्रजी हस्तलिखितात नापीक शेत सुधारण्याचा विधी आहे. त्यात प्रार्थना ख्रिस्ती, पण पृथ्वीला माता म्हणून हाक. घरातल्या प्रत्येक प्रकारच्या पिठाचा तळहाताएवढा पाव करायचा, तो दूध आणि तीर्थाच्या पाण्यात मळायचा आणि नांगराने पाडलेल्या पहिल्या तासाखाली ठेवायचा. स्वीडन-डेन्मार्कमध्ये शेवटच्या पेंढीच्या धान्याचा, रानडुकराच्या आकाराचा पाव यूलला भाजत. तो सणभर जेवणाच्या टेबलावर असे, पण संपवत नसत, पेरणीपर्यंत जपून ठेवत. बर्फ वितळून जमीन मोकळी झाली की दगडासारख्या झालेल्या त्या पावाचा चुरा करत. थोडा बियाण्यात मिसळत, थोडा नांगऱ्याला देत आणि उरलेला नांगराच्या घोड्याच्या तोंडापुढे धरत.