पुनर्वापरक्षम बहुवारिके (मऊ रोबॉटांची)

मऊ रोबॉटाला हालचाल देणाऱ्या भागासाठी, म्हणजे ॲक्च्युएटरसाठी, वापरलेली आणि काम संपल्यावर वितळवून, विरघळवून किंवा साच्यात दाबून पुन्हा नवा भाग घडवता येतील अशी बहुवारिके, म्हणजेच पॉलिमर.

मऊ रोबॉटाच्या हाताचे हवेवर चालणारे रबरी बोट साधे असते. आतल्या पोकळीत हवा भरली की पातळ बाजू जास्त ताणली जाते, जाड बाजू कमी. मग बोट जाड बाजूकडे वळते. हे बोट बहुधा सिलिकोन रबराचे असते. दोन द्रव मिसळून साच्यात ओतायचे, की झाले. मात्र घट्ट झालेले सिलिकोन पुन्हा वितळत नाही, कारण त्याच्या रेणुसाखळ्या एकमेकींना निरगाठींनी बांधलेल्या असतात. ताण सोडल्यावर रबर मूळ आकारात येते तेही याच गाठींमुळे, त्यामुळे त्या नुसत्या काढून टाकता येत नाहीत. निरगाठीच्या जागी सुरगाठ मारणे हा त्यावरचा उपाय.

उष्णतेने मऊ होणाऱ्या पॉलियुरेथेनात साखळ्यांचे कठीण तुकडे नुसते एकत्र गोळा झालेले असतात. तापवले की ते सुटतात. डील्स-आल्डर विक्रियेने जोडलेल्या जाळ्यात बंध खरे रासायनिक असतात, तरी उष्णतेने उलगडतात आणि थंड होताना परत जुळतात. ब्रुसेल्सच्या व्रिये विद्यापीठातील गटाने २०१७ मध्ये अशा पदार्थाची पकड, हात व स्नायू बनवले. त्यांवरचे काप सुमारे ८०° से. तापमानाला भरून आले.

व्हिट्रिमर नावाच्या पॉलिमरांत गाठ सुटण्याआधीच दुसरी बसते, म्हणून गाठींची संख्या कायम राहते. हा वर्ग लुडविक लायब्लर यांच्या पॅरिसमधील गटाने २०११ मध्ये मांडला. बीजिंगच्या छिंग्ह्वा विद्यापीठात २०१४ मध्ये हीच युक्ती द्रव-स्फटिकी रबराला लावली गेली. हे रबर हवेशिवाय, नुसत्या उष्णतेने आखडते. पण त्यासाठी रेणू एका दिशेला लावावे लागतात, आणि पूर्वी ते जाळे पक्के होण्याआधीच उरकावे लागे. आता तयार पट्टी गरम करून ताणली तरी दिशा बसते आणि चुकली तर पुसताही येते. माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत देखणी कल्पना हीच.

ऑस्ट्रियातील लिंझ येथे जिलेटिन, ग्लिसरॉल, साखर व सायट्रिक आम्लाचे जेल बनवले गेले. त्रिमितीय मुद्रणासाठी ते पाच वेळांपर्यंत पुन्हा वापरता येते.

सुटणारी गाठ नको तेव्हाही सुटते. सतत ताणाखाली असे रबर हळूहळू सैलावते. यालाच विसर्पण म्हणतात. शिवाय प्रत्यक्षातल्या बोटात कापड, दोरा, नळ्या आणि संवेदक रुतलेले असतात. ते वेगळे काढल्याशिवाय रबर वितळवता आले तरी हाती शुद्ध माल येत नाही.