ट्रकचं पासिंग वाढवायचंय? आरसीवरचं एकूण वजन बदलण्याचे नियम आणि कागदपत्रं

मागे दोन पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जादा टाकले, चेसिसला पट्टी मारली, की गाडी जास्त माल ओढते. ओढते हे खरं, पण त्याने पासिंग वाढत नाही. पासिंग म्हणजे आरसीवर नोंदलेलं, गाडी आणि माल मिळून एकूण वजन, म्हणजेच जीव्हीडब्ल्यू. ते गाडीच्या ताकदीवरून ठरवायची मुभा मालकालाही नाही आणि आरटीओलाही नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५८ नुसार केंद्र सरकार अधिसूचना काढून एकूण वजनाची आणि प्रत्येक अ‍ॅक्सलवरच्या (चाकं जोडणाऱ्या आसावरच्या) भाराची कमाल मर्यादा ठरवतं. टायर किती, कोणत्या प्रकारचे आणि कोणत्या मापाचे, हेही त्यात धरलेलं असतं. अधिसूचनेशी न जुळणारा आकडा आरसीवर चढवता येत नाही. मोठी वाढ झाली ती १६ जुलै २०१८ च्या अधिसूचनेने: चार टायरचा एक अ‍ॅक्सल १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेला, टँडम (लागोपाठ दोन) अ‍ॅक्सल १९ वरून २१ टनांवर. पण ही झाली वरची मर्यादा. तुमच्या मॉडेलला कंपनीने चाचणी संस्थेकडून (पुण्यातली एआरएआय त्यातलीच एक) कमी वजनाची मंजुरी घेतली असेल, तर तुमच्यासाठी तोच आकडा.

म्हणून आरटीओत जाण्याआधी कंपनीच्या डीलरला गाठा. तुमच्या मॉडेलला, त्याच टायर-अ‍ॅक्सलसह, जास्त वजनाची मंजुरी आहे का, आणि कंपनी तसं लेखी देईल का, एवढंच विचारा. उत्तर ‘नाही’ असं आलं तर पुढचे हेलपाटे वाचले. एजंट ‘करून देतो’ म्हणाला तरी त्याच्या नादी लागू नका.

उत्तर हो आलं, तर परिवहन पोर्टलवर वाहनातील बदलाचा अर्ज भरा. सोबत साधारणपणे हे लागतं: मूळ आरसी, विमा, फिटनेस, पीयूसी, कर भरल्याची पावती, परमिट, कंपनीचं पत्र, चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र, चेसिस नंबरचा पेन्सिल छाप आणि रिकाम्या गाडीची वजनकाट्याची चिठ्ठी. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची लेखी संमतीही. त्यानंतर निरीक्षक गाडी पाहतो. अ‍ॅक्सल किंवा टायर बदलणार असाल तर मंजुरी आधी, काम नंतर. काम झाल्यावर १४ दिवसांत कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची. परस्पर केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

हौद्याचं (माल भरायच्या बॉडीचं) प्रकरण वेगळं. समजा गाडीचं एकूण वजन १८,५०० किलो आणि रिकामं ६,८००. म्हणजे माल ११,७००. जाड पत्र्याचा नवा हौदा बसवून रिकामं वजन ७,३०० झालं, तर माल ११,२०० वर आला. एकूण वजन होतं तिथेच. बॉडी बांधणारा हे सहसा सांगत नाही.

आणि एकूण वजन बसलं म्हणजे सुटलो, असंही नाही. अ‍ॅक्सलच्या भाराची मर्यादा वेगळी पाळावी लागते. याच गाडीत माल मागे सरकवून भरला, एकूण १८,२०० भरलं पण मागच्या अ‍ॅक्सलवर १२,४०० आलं, तर त्या अ‍ॅक्सलची ११,५०० ची मर्यादा ओलांडलीच. पूर्ण गाडीच्या काट्याच्या चिठ्ठीत हे दिसत नाही; पुढची चाकं वेगळी तोलून घ्या. आरसीवरच्या एकूण वजनापेक्षा जादा भरलं तर दंड २०,००० रुपये, वर जादा टनामागे २,०००, शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही. काट्यावर जायला नकार दिला तर ४०,०००.

ट्रेलरची नोंदणी स्वतंत्र असते, त्यामुळे ओढणाऱ्या गाडीचं वजन वाढलं म्हणून ट्रेलरचं आपोआप वाढत नाही.

वजन वाढलं की कर वाढतो. थर्ड पार्टी विम्याचे टप्पेही (७,५००, १२,०००, २०,०००, ४०,००० किलो) एकूण वजनावरच आहेत, तेव्हा नवी आरसी विमा कंपनीला कळवा आणि परमिटवरचा आकडाही बदलून घ्या. छोट्या गाडीवाल्यांनी ७,५०० ची रेषा खास सांभाळावी. तिथपर्यंतची मालगाडी एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. त्यापुढे गाडी गेली तर कालपर्यंतच्या तुमच्या ड्रायव्हरकडे आज योग्य परवाना नसेल, आणि अपघात झाला तर विमा कंपनी आधी तेच तपासेल.